डोळे मिटून हात वर

धाकटी बाळंत झाली तेव्हा थर्मासमधला चहा अजून गरम होता. हे वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत निदान चाळीस वेळा ऐकलं असेल. सासूबाई ते शेजारणीला सांगतात, फोनवर सांगतात, गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही. "साडेआठला निघालो, थर्मास भरून घेतला, म्हटलं दिवस जाईल. अकराला पोर हातात! झाकण उघडलं तर वाफा येतायत!" तो माणूस पाना हातात धरून "वा वा" म्हणाला. मग सासूबाईंची नजर माझ्याकडे वळली आणि आवाज एक पायरी खाली उतरला. "थोरलीचं सिझर झालं. बाळाचे ठोके कमी झाले होते ना."

अशा वेळी माझा नवरा कुठेही असला तरी तिथून ओरडतो, "हो, एकदम कमी झाले होते!" आणि विषय मिटतो. त्याचा मिटतो.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. माझ्यानंतर पाच महिन्यांनी, त्याच हॉस्पिटलात, त्याच वॉर्डात. तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि बाळाला खांद्यावर टाकून जिना चढून गेली. मी तेव्हा जिन्याखाली उभी होते. मला तो जिना चढायला सोळा दिवस लागले होते, आणि खोकला आला की मी उशी पोटावर दाबून धरायची. मी तिच्या टाचांकडे बघत राहिले. अठरा पायऱ्या. मध्ये एकदाही थांबली नाही.

ती वाईट असती तर किती सोयीचं झालं असतं. पण ती चांगली आहे. माझी सात महिन्यांची ठमी आणि तिचं दोन महिन्यांचं पिल्लू अशा दोघींना ती दिवसभर सांभाळते, कारण मी कामावर परत रुजू झाले आहे आणि तिची रजा चालू आहे. संध्याकाळी मी घरात शिरले की म्हणते, "ताई, दमलात? बसा, चहा टाकते." म्हणजे मी दमणारी. ती टाकणारी.

मी काम करते तेही त्याच हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या नोंद विभागात. संख्याशास्त्रात पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं मोठमोठे आकडे हाताळू. वाट्याला आले बाळंतपणाचे कागद. प्रत्येक सिझरच्या फाइलवर कारणांचे नऊ रकाने छापलेले असतात. आधीचं सिझर, बाळ आडवं, ठोके बिघडले, असं करत करत नववा रकाना: आईची मागणी. एका फाइलला एकच रकाना. मी ते मोजते, आणि महिनाअखेरीस पहिल्या मजल्यावरच्या फळ्यावर आकडा जातो. माझ्या रजेच्या आधी फळ्यावर होतं: शंभर बाळंतपणांत सिझर त्रेचाळीस. सगळ्यात गच्च भरणारा रकाना चौथा, 'कळांची प्रगती थांबली'. थांबली म्हणजे किती वेळ थांबली, हे कुणी विचारायचं नाही.

ते विचारलं थांबा-सिस्टरनी. वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण सगळे त्यांना थांबा-सिस्टर म्हणतात, कारण डॉक्टर थिएटरला फोन करायला निघाले की त्या दारात उभ्या राहून म्हणतात, "थांबा जरा." भूलवाले डॉक्टर तर म्हणायचे, "ती ड्युटीवर असली की मी पेपर वाचून संपवतो." दोन वर्षं भांडून त्यांनी एक नियम करून घेतला: गर्भाशयाचं तोंड सहा सेंटिमीटरवर येऊन अडलं आणि बाळ ठीक असलं, तर चार तास वाट पाहायची. तोवर सिस्टरनी सांभाळायचं, काही बिघडलं तर डॉक्टरांना बोलवायचं. आणि त्यांनीच गुरुवारचं वाचन सुरू करायला लावलं.

गुरुवारी तीन वाजता, बाहेरची तपासणी आटपली की, वॉर्डातले अकरा जण जिन्याशेजारच्या खोलीत जमतात. आदल्या आठवड्यातली काही आणि गेल्या वर्षातली दर दहावी सिझरची केस वाचायची. मी प्रत्येक फाइलवरून एक पान तयार करते. नाव नाही, तारीख नाही, डॉक्टर कोण ते नाही. पान वाचून झालं की मत घ्यायचं: हे सिझर टळलं असतं का? सुरुवातीला नुसतेच हात वर करायचे, तर शिकाऊ डॉक्टर आधी सरांच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, हाताकडे बघायचे आणि मग स्वतःचा हात शोधायचे. म्हणून सिस्टरनीच उपाय काढला. सगळ्यांनी डोळे मिटायचे, मग हात वर. डोळे उघडे फक्त वाचणाऱ्याचे. ती मोजणार, आकडा सांगणार, कुणाचा हात ते मरेपर्यंत सांगणार नाही.

ती वाचणारी म्हणजे मी. डोळे मिटलेली अकरा मोठी माणसं बघणं ही गंमतच असते. सर डोळे इतके घट्ट मिटतात की नाक वर जातं. भूलवाले डॉक्टर खरंच झोपतात.

तर रजेवरून परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात, दर दहावी केस मोजताना, माझं बोट एका क्रमांकावर येऊन थांबलं. तो क्रमांक मला पाठ होता. माझ्या मनगटावर पट्टी होती त्याची, आणि ती पट्टी मी घरी कपाटात जपून ठेवली आहे.

नियम साधा आहे. स्वतःची किंवा घरातल्या कुणाची केस आली तर सांगायचं आणि पुढची उचलायची. मी सांगितलं नाही. मी फाइल काढली, टेबलाच्या खणात ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे गेल्यावर, उघडली.

पहिल्यांदा मी ठोके शोधले. बाळाच्या ठोक्यांचे ठिपके तक्त्यावर दर अर्ध्या तासाला मारलेले असतात. एकशे चाळीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे अडतीस. सगळे ठिपके एका रांगेत, शहाण्या मुलांसारखे. शेवटपर्यंत. कमी झालेच नव्हते.

रकाना चौथा. तोंड सहावर अडलं: दोन तास. आणि खाली सिस्टरांचं गोल अक्षर, 'बाळाचे ठोके उत्तम. आई थकली आहे. थांबता येईल.'

चार तासांऐवजी दोन. वेगळ्या कुणाची फाइल असती तर मी पान लिहितानाच म्हटलं असतं, हिचं टळलं असतं.

घरी नवऱ्याला विचारलं. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "अगं, आई बाहेर सारखी विचारत होती, का केलं, का केलं. मला काय सुचणार? म्हटलं ठोके. ठोक्यांवर कुणी वाद घालत नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला बरं वाटत होतं की त्यानं."

खरं होतं. मला बरं वाटत होतं. धाकटीचं पिल्लू यायच्या आधी तर फारच बरं वाटत होतं.

तरीही मी बुधवारी दुपारी पान जसंच्या तसं लिहिलं. दोन तास म्हणजे दोन तास. म्हटलं, अकरा माणसं डोळे मिटून काय ते सांगतील. कदाचित त्यांना माझ्या डोळ्यांना न दिसलेलं काही दिसेल.

बुधवारी संध्याकाळी मला बसमध्येच पान्हा फुटला. सकाळपासून पाजलं नव्हतं, ओढणीखाली कपडे ओले झाले होते, आणि मी मनातल्या मनात ठमीला सांगत होते, आले गं, आलेच. घरात शिरले तर ठमीचा आवाज नाही. धाकटीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. पिल्लू पाळण्यात झोपलेलं. पलंगावर धाकटी भिंतीला टेकून बसलेली आणि ठमी तिच्या छातीशी. माझी ठमी. तिची एक मूठ धाकटीच्या बोटाभोवती होती.

"ताई, रागावू नका हं," धाकटी कुजबुजली. "तुमच्या बाटलीतलं संपलं. चारपासून किंचाळत होती. आई पण म्हणाल्या, घे. भसाभसा प्यायली बघा, बिचारी."

सासूबाई मागून आल्या. "हिला इतकं येतं ना, दोन पोरं पोसून उरेल." आणि माझ्याकडे बघून, समजूत घालावी तशा म्हणाल्या, "प्रत्येकाची प्रकृती वेगळी."

"बरं केलंस," मी म्हटलं. मी खरंच तसं म्हटलं, हसूनसुद्धा.

मग मी ठमीला घेतलं. तिचं पोट तट्ट भरलं होतं. तिनं माझ्या ओल्या कपड्यांना एकदा तोंड लावलं, मान फिरवली आणि झोपून गेली.

गुरुवारी सकाळी मी ते पान पुन्हा संगणकावर उघडलं आणि दोनच्या जागी पाच लिहिलं. एवढंच. 'सहावर अडकून पाच तास.' एक कळ दाबायला किती वेळ लागतो? मला कुणाला फसवायचं नव्हतं. नावच नव्हतं त्यावर. मला फक्त अकरा जाणत्या माणसांनी म्हणायला हवं होतं की हिच्या हातात काही नव्हतं. ते ऐकून मी घरी जाणार होते, आणि पुढच्या वेळी वाफा यायला लागल्या की खाली मान घालणार नव्हते.

तीन वाजता मी वाचलं. माझा आवाज नेहमीसारखा होता, फक्त कानांना तो दुसऱ्या खोलीतून येतोय असं वाटत होतं. पहिलंच बाळंतपण, वय सत्तावीस, सहावर अडकून पाच तास, बाळाचे ठोके उत्तम, आई थकली आहे, थांबता येईल. निर्णय: सिझर. बाळ सुखरूप.

"डोळे मिटा. टळलं असतं असं वाटणाऱ्यांनी हात वर."

एक हात. थांबा-सिस्टरांचा. मला त्यांचा राग आला.

"टळलं नसतं?"

नऊ हात. भूलवाले डॉक्टर झोपलेले. माझं सिझर जिनं केलं ती मॅडमही हात वर करून बसली होती, कोपर टेबलावर टेकवून. नऊ! मी ते हात मोजले, परत मोजले. दुसरी मोजणी निव्वळ हौस होती. मला त्या प्रत्येक हाताला टाळी द्यावीशी वाटत होती.

"टळलं असतं, एक. टळलं नसतं, नऊ."

सगळ्यांनी डोळे उघडले. मी पुढचं पान हातात घेतलं, तर सर म्हणाले, "एक मिनिट. टळलं नसतं हे ठीक. पण पाच तास थांबवलं कुणी?"



"चार तासांचा नियम आहे ना आपला? पाच तास अडकलेली बाई, आणि कागदावर काय, थांबता येईल." त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. 'थांबता येईल' असं त्या हॉस्पिटलात एकच माणूस लिहितं. मी आकडा बदलला होता आणि त्याच्या खालची ओळ तशीच ठेवली होती. माझं लक्ष फक्त आकड्यावर होतं.

"सर, बाळ ठीक होतं," मॅडम म्हणाली.

"ते नशीब. उद्या नसेल. मी पहिल्यापासून सांगतोय, थांबण्यालाही हद्द असते. आपण फळ्यावरचा आकडा उतरवायच्या नादात बायका टांगणीला लावतोय." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "पहिल्या तारखेपासून दर दोन तासांनी डॉक्टर बघतील आणि डॉक्टरच ठरवतील. सिस्टरनी परस्पर थांबवायचं नाही."

थांबा-सिस्टर स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. कात टाकल्यासारखी कोरडी झालेली बोटं, सारखी धुऊन धुऊन.

"माझ्या हातून पाच तास..." त्या म्हणाल्या. "मला आठवत नाही, सर. पण तक्त्यावर असेल तर असेल. माझी चूक असेल तर मी लिहून देते."

मी तोंड उघडायला हवं होतं. मी पुढचं पान वाचलं. बाळ आडवं, टळलं नसतं, अकराच्या अकरा.

साडेचारला त्या तळमजल्यावर आल्या. पायातल्या पांढऱ्या बुटांचा आवाज मी कॉरिडॉरच्या टोकापासून ओळखला.

"पोरी, मघाची ती पाच तासांची फाइल दे जरा. तक्ता बघते. लिहून द्यायचं तर नीट बघून देते."

"सिस्टर, ती... ती परत लावली मी."

"मग काढ."

त्या खुर्ची ओढून बसल्याच. मी खणातून फाइल काढली. परत लावलेली फाइल माझ्या खणातून निघाली हे त्यांनी पाहिलं. चष्मा लावला. आधी तक्ता बघितला, बोट ठिपक्यांवरून फिरवत. मग बोट थांबलं. मग त्यांनी फाइल मिटून वरचं नाव वाचलं. मग चष्मा काढला.

"दोन आहेत की गं."

"हो."

"तू पाच केलेस."

"हो."

"का?"

उत्तर तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते माझं मलाच किती बारीक वाटलं. "माझ्या जावेचं नॉर्मल झालं, सिस्टर. अडीच तासांत."

त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली.

"म्हणजे माझी सत्तावीस वर्षांची नोकरी तू तुझ्या जावेवरून ओवाळून टाकलीस?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. टेबलावरचा कापूसही पुढे केला नाही, नाहीतर वॉर्डात त्या कुणालाही कापूस देतात.

"मी उद्या सरांना सांगते," मी म्हटलं. "पण सिस्टर, एकच सांगा. माझं टळलं असतं का?"

"मला काय माहीत? अजून दोन तास थांबलो असतो तर कळलं असतं. कदाचित झाली असतीस मोकळी. कदाचित दोन तासांनी तेच करावं लागलं असतं, वर ताप आला असता." त्यांनी चष्मा पुसला. "पण तुला आठवत नाही का?"

"काय?"

"तू माझं मनगट धरलं होतंस. हे इथे. तुझी नखं उठली होती. म्हणालीस, सिस्टर, आता नको, आता सांगा ना मॅडमना. मी म्हटलं थांब जरा. तू म्हणालीस, मला थांबा म्हणू नका. तीनदा म्हणालीस. मग मीच गेले मॅडमकडे. मी! सगळं हॉस्पिटल हसलं असतं."

मला आठवत नव्हतं. छताचा पंखा आठवत होता, त्याच्या एका पात्याला चिकटलेला कागदाचा कपटा आठवत होता. हे नाही.

"मग रकाना चौथा का? नववा हवा."

"नववा लिहिला की बाईला घरी सुखानं बसू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "बाहेर तुझी सासू उभी होती. तीनदा विचारून गेली होती. म्हटलं, थांबलेल्याच आहेत की कळा, जाऊ दे." मग म्हणाल्या, "तर तू एकटी नाहीस कागदावर हात फिरवणारी. पण मी रकान्यात हात फिरवला, तू माझ्या गळ्यावर फिरवलास."

उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. "सरांच्या कानात सांगायला जाऊ नकोस. जिथे वाचलंस तिथेच वाच. खरं पान. नववा रकाना. माझं मी सांगेन."

तो आठवडा कसा गेला ते सांगत बसत नाही. धाकटीनं ठमीला आणखी दोनदा पाजलं. मी दोन्ही वेळा "बरं केलंस" म्हटलं.

पुढच्या गुरुवारी मी उभी राहिले. पान माझ्या हातात होतं, पण मी ते वाचलं नाही. "मागच्या आठवड्यातली पाच तासांची केस चुकीची वाचली गेली," मी म्हटलं. "म्हणजे, मी चुकीची वाचली. तक्त्यावर दोन तास आहेत. मी पाच केले. ती केस माझी आहे. म्हणजे माझंच बाळंतपण."

भूलवाले डॉक्टर पहिल्यांदाच पूर्ण जागे दिसले.

"आकडा बदललात?" सर म्हणाले.

"एकच, सर."

"एकच!" सरांनी टेबलाकडे बघून म्हटलं, जणू टेबलाला सांगत होते. "बाकीच्या तीनशे केसेसचं मी काय समजू?"

 त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक पानावर दुसऱ्या कुणाची सही लागते, लेखी ताकीद फाइलमध्ये लागली आहे, आणि वाचायचं काम शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे गेलं आहे. ते सगळं नंतर. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "सिस्टरनी पाच तास कुणाला थांबवलेलं नाही. आणि रकाना चौथा नाही, नववा आहे. मी मागितलं होतं."

"रकाना मी चुकवला, सर," सिस्टर मागून म्हणाल्या. "ते माझं."

सर दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी मागच्या आठवड्यातल्या दर दोन तासांच्या नियमाचा जो कागद करून आणला होता तो घडी घालून खिशात टाकला. फाडला नाही. पण टाकला.

"मत घ्यायचं का परत?" मॅडमनं विचारलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिलाही आठवायला लागलं असावं.

"घ्या," मी म्हटलं. "पण मला मोजायचं नाही."

सिस्टर पुढे आल्या. "मी मोजते. माझं मत नाही. डोळे मिटा."

मीही मिटले. इतकी वर्षं मी ती खोली उघड्या डोळ्यांनी पाहिली होती. बंद डोळ्यांआड ती फारच मोठी झाली. बाह्या सरकल्याचा आवाज, एक खुर्ची, कुणाचा तरी घसा. मग परत बाह्या.

"टळलं असतं, सहा," सिस्टर म्हणाल्या. "टळलं नसतं, चार."

ते चार हात कुणाचे, मला माहीत नाही, आणि सिस्टर मरेपर्यंत सांगणार नाहीत. अजून जिन्यात कुणी भेटलं की माझी नजर आधी त्याच्या हाताकडे जाते.

घरी पोचले तेव्हा शेजारीण आली होती. सासूबाईंचं चालूच होतं. थर्मासचं झाकण उघडून झालं होतं, वाफा निघत होत्या. धाकटी खाली बसून दोन्ही पोरींचे कपडे घड्या घालत होती, आणि ठमी तिच्या मांडीला टेकून एक मोजा चावत होती.

"...आणि थोरलीचं सिझर. ठोके कमी झाले होते ना."

नवरा आतल्या खोलीतून ओरडला, "हो, एकदम..."

"नव्हते झाले," मी म्हटलं.

आतला आवाज तुटला. शेजारणीनं कप खाली ठेवला.

"ठोके छान होते. मीच मागितलं सिझर. सिस्टर थांबा म्हणत होत्या, मी नको म्हटलं. तीनदा."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील आणि मग मला पुढचं सगळं आयुष्य त्यांच्यावर रागावता येईल. त्या म्हणाल्या, "मग सांगायचं नाही का तेव्हाच? हा गाढव मला सात महिने ठोके ऐकवतोय."

तेवढ्यात धाकटी हसायला लागली. आधी तोंडावर मोजा धरून, मग मोठ्यानं.

"ताई, मी पण म्हणाले होते! दहाला. अहो, अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. पाय धरते म्हटलं, कापा पण सोडवा. सिस्टर म्हणाल्या थांब जरा, बघते. बघेपर्यंत पोर बाहेर!"

शेजारीण हसली, सासूबाई हसल्या, नवरा दारात येऊन हसला. मीही हसले.

म्हणजे तिनंही मागितलं होतं. माझ्याइतकंच मागितलं होतं. फक्त तिचं ऐकायला कुणाला वेळ झाला नाही. इतकं नशीब असतं एखादीचं.

मी ठमीला उचललं. पान्हा दाटून आला होता. तिनं तोंडातला मोजा आधी काढू दिला नाही, मग काढू दिला, मग प्यायला लागली, एक डोळा धाकटीवर ठेवून.